कासवाच्या खुणेवर

गवत कापायचं यंत्र बंद पडलं ते पुन्हा नेमकं तिच्या खिडकीसमोर. आधी आवाज जाड झाला, मग दोन उचक्या, मागून निळसर धुराचा एक भपका, आणि संपलं. मूठ तशीच धरून तो उभा राहिला. रविवारची दुपार होती. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या झोडपत होतं आणि त्याचाही त्याला राग येत होता. त्यानं कान दिला तो यंत्राला नाही, खिडकीला. कॉट कुरकुरली का? पडदा हलला का? लेकीची खोली घराच्या मागच्या अंगाला, दोन पायऱ्या उतरून जायची आणि मागची जमीन चांगलीच उंच होती, त्यामुळे तिची खिडकी बाहेरून पाहिली तर जमिनीलगत होती आणि गुडघाभर गवतानं ती जवळजवळ झाकून टाकली होती. वीतभर उघड्या फटीतून काही कळत नव्हतं. "मेलं," तो यंत्राला म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली. तो शब्द या घरात आता कोणी उच्चारत नसे. घड्याळाचा सेल संपला तरी संपला म्हणायचं, गेला म्हणायचं नाही. बायकोनं तसं कधी ठरवलं नव्हतं आणि त्यानंही ठरवलं नव्हतं, पण दोघंही पाळत होते. तो गुडघ्यांवर बसला, खिशातला पाना काढला, फडक्यात धरून प्लग सोडवला. हाताला चटका बसला, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. प्लग काळाकुट्ट होता, ओला होता, टोकावर तेलकट काजळी अशी चढली होती की ठिणगी पडायला जागाच नव्हती. आदल्या रविवारी असाच होता. त्याच्या आदल्या रविवारीही.

एरवी तो चिकाटीचा माणूस. दातांच्या कवळ्या करायचा त्याचा धंदा. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांची मापं त्याच्याकडे येत आणि त्या न पाहिलेल्या तोंडांसाठी तो दात बसवत बसे. कोणाची कवळी हिरडीला टोचली की परत त्याच्याकडे. तो कुठं टोचतं ते शोधायचा, केसाएवढं घासायचा, पुन्हा पाठवायचा. कुठलीही गोष्ट टोचत असेल तर कुठंतरी ती केसाएवढी चुकलेली असते आणि सावकाश घासत गेलं की बसते, यावर त्याचा सगळा संसार चालला होता. बायको थट्टेनं म्हणायची की लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा यांनी मोजूनमापून टाकली. त्यामुळे यंत्र पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. आता काहीतरी करता येणार होतं. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालायचं; तेल जास्त झालं की प्लग काळा होतो, हे त्याला ठाऊक होतं. कामावरची काचेची मापनळी घरी आणून त्यानं मिश्रण थेंबाथेंबानं केलं. प्लग काळा. मग हवेचा फिल्टर काढून साबणाच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला. प्लग काळा. चोक अडकून राहतोय का पाहिलं, कार्ब्युरेटर उघडला, त्याची छिद्रं कवळीच्या बारीक तारेनं साफ केली. सायलेन्सर खोलून आतला कोळसा खरवडला, तेव्हा तर त्याला खात्रीच वाटली होती की सापडलं. नवा प्लग आणला. तोही काळा. दुकानदार म्हणाला की जरा गरम जातीचा घाला, तसा आणला, तोही काळा झाला. ठिणगी पाहिली तर ठिणगी चांगली निळी, टपोरी. सगळं बरोबर होतं आणि यंत्र चालत नव्हतं. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या, रिपोर्ट सगळे चांगले आहेत.

ते बोलणं त्याला आठवायचं नव्हतं, पण गुडघ्यांवर बसून प्लग तारेच्या ब्रशनं घासताना दुसरं काही आठवतच नसे. फोन आला तेव्हा तो कोणाच्या तरी वरच्या कवळीला गुलाबी रंग देत होता. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. तिच्या खोलीत राहणारी मुलगी फोनवर रडत होती, आणि त्यानं तिला म्हटलं होतं, बाळ, आधी पाणी पी, मग सांग. झोपेच्या गोळ्या, पाकीटभर. वेळेत नेलं, वाचली. तो आणि बायको गाडीत बसून गेले, तिला घेऊन आले. वाटेत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या कपाळावर काचेचा गोल डाग उठला होता, लहानपणी उठायचा तसाच. घरी आल्यावर त्यानं न्हाणीघराची कडी काढली. कामाच्या बारीक पेचकसानं, एक-एक स्क्रू वाटीत टाकत, आवाज होऊ न देता. दाढीची पाती गेली, औषधांचा डबा कपाटात कुलपात गेला. दाराच्या घंटीची वायर त्यानं काढून ठेवली. खुर्च्यांच्या पायांना जुन्या स्वेटरचे तुकडे चिकटवले. बायको चमचा ताटलीवर ठेवताना मधे बोट घालायची. खोकला आला तर तो उशीत खोकायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिला विश्रांती हवी आहे, मागे लागू नका. आणि आणखी एक म्हणाल्या होत्या. पुढचं काही बोलते का, याकडे लक्ष ठेवा. फार मोठं नको. साबण संपत आलाय, नवा काढा, एवढं जरी म्हणाली तरी चांगलं लक्षण. तेव्हापासून तो रोज न्हाणीघरात जाऊन साबणाकडे बघायचा. साबण पातळ होत गेला, पापडीएवढा झाला, मधे तुटला. ती काही म्हणाली नाही. तुटक्या तुकड्यांनीच अंघोळ करत राहिली, आणि शेवटी बायकोनं रडत रडत नवी वडी ठेवली. लेक विचारलं की उत्तर द्यायची. जेवलीस का, हो. झोप लागली का, हो. दुखतंय का, नाही. आपणहून काही म्हणून बोलायची नाही. रोज सकाळी दोन पायऱ्या उतरून तो तिच्या दाराशी जायचा, आणि तिचं पांघरूण वरखाली होताना दिसलं की तिथंच भिंतीला टेकायचा. असं किती दिवस चालणार, हे तो स्वतःला विचारत नसे, कारण उत्तर म्हणून त्याला एकच गोष्ट दिसायची.

फक्त एकदा ती न विचारता बोलली होती. तो चहा ठेवून वळला होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गवत फार वाढलंय." बस, एवढंच. पण त्याला तहानलेल्याला घोटभर पाणी मिळाल्यासारखं झालं. तो धावतपळत, म्हणजे चवड्यांवर धावत, वर गेला आणि बायकोला सांगितलं. दोघांनी त्या तीन शब्दांवर पूर्ण संध्याकाळ काढली. बायको म्हणाली, अहो, म्हणजे तिला बाहेर बघायचंय. तो म्हणाला, उजेड कमी पडत असेल, खोली हिरवी दिसते दुपारी. दुसऱ्याच दिवशी त्यानं अडगळीतून सासऱ्यांचं जुनं यंत्र बाहेर काढलं. सासरे असताना ते यंत्र अख्खी गल्ली दणाणून सोडायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, यांचं गवत कापणं म्हणजे गावजेवण, सगळ्यांना कळलंच पाहिजे. त्याच्या मुठीपाशी वेगाचा एक खटका होता. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. त्यानं खटका कासवापाशी ठेवला आणि तिथंच ठेवला. फाटकापासून सुरुवात करायची, एक-एक पट्टा कापत घराकडे यायचं, आणि खिडकी जवळ आली की खटका कासवाच्याही मागे ओढायचा, इतका, की इंजिन नुसतं पुटपुटायचं. खिडकीजवळ पोहोचेपर्यंत प्लग काळा झालेला असायचा. फाटकाकडचं अंगण आता व्यवस्थित भादरलेलं होतं, आणि जिथं कापायचं होतं तिथंच गवत तसंच डुलत होतं.

मेव्हणा येऊन गेला तेव्हा हसला होता. विळा घे की, म्हणाला, तासाभराचं काम आहे, नाहीतर माझं बॅटरीचं यंत्र आणून देतो, गुमान चालतं. बायकोनंही डोळ्यांनी हो म्हणा म्हणून खुणावलं. त्यानं नको म्हटलं. का नको, हे त्याला सांगता आलं नाही आणि मेव्हणा जाताना दारात बहिणीला हळूच म्हणाला ते त्यानं ऐकलं, की भाऊजींनाही कोणाला तरी दाखवायला हवं. दाखवा की, त्याला ओरडावंसं वाटलं होतं. मलाही न्या, माझेही रिपोर्ट काढा, माझेही चांगलेच येतील. विळ्यानं गवत कापलं गेलं असतं हे त्यालाही कळत होतं. पण विळ्यानं कापलं म्हणजे यंत्र बिघडलेलंच राहिलं. या घरातली एक तरी गोष्ट अशी असायला हवी होती की जी बंद पडली होती आणि का पडली ते सापडलं आणि पुन्हा चालू झाली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो पहिल्यापासून सगळं तपासायचा. तेल, फिल्टर, चोक, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, ठिणगी. मग न कळत दुसरीच यादी सुरू व्हायची. नोकरी? तिथला कोणी? आपलं काही बोलणं? शाळेत एकदा तिला मागच्या बाकावर बसवलं होतं ते? तिथंही सगळं बरोबर होतं. तिथंही काही केसाएवढं सापडत नव्हतं की जे घासता आलं असतं.

त्यानं प्लग घासून पुसून परत बसवला, दोरी ओढली. एकदा, दोनदा, खांदा निखळेस्तोवर. यंत्रानं थुंकल्यासारखं केलं आणि गप्प झालं. पुन्हा सोडवला, पुन्हा ओला. या खेपेला तो बसला तो बसलाच. गच्चीवरचं झोडपणं थांबलं होतं. आपले दोन्ही हात काळे झालेत, नखांत काजळी गेलीय, आणि उद्या सकाळी हेच हात कोणाच्या तरी दातांना लावायचे आहेत, हे त्याला दिसत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला हे जमणार नाही. हे म्हणजे यंत्र नव्हे. यंत्राला कोण विचारतो. आपण तिला वाचवू शकणार नाही, हे त्याच्या मनात पहिल्यांदाच इतक्या सरळ शब्दांत आलं, आणि आल्यावर ते हलेना. त्यानं गवतात तोंड घातलं. गवताला पेट्रोलचा वास येत होता. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं मनगट दातांत धरलं. त्याचे स्वतःचे दात, अजून सगळे शाबूत. त्याला त्या स्थितीतही ते हास्यास्पद वाटलं आणि तरी रडणं थांबलं नाही.

"बाबा, तुम्ही ते पळवतच नाही."

आवाज खालून आला, जमिनीतून यावा तसा. त्यानं मान वर केली. पडदा बाजूला झाला होता. गवताच्या काड्यांच्या पलीकडे, त्याच्या हाताच्या अंतरावर, लेकीचा चेहरा होता. ती कॉटवर उभी असणार, कारण तिची हनुवटी चौकटीला टेकली होती. केस एका बाजूला चपटे झाले होते. तिनं त्याला रडताना पाहिलं होतं, हे उघड होतं. अशा वेळी काय करायचं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. तो नेहमीच्या दबक्या आवाजात म्हणाला, "तुझी झोपमोड झाली का, ठकू?"

"मी झोपतच नाही दुपारची," ती म्हणाली. "मी ऐकत असते. फाटकापासून इथपर्यंत ते नुसतं गुरगुरत येतं. इतक्या हळू चालवलं की तेल जळतच नाही, सगळं प्लगवर बसतं. माझ्या मोपेडचं असंच व्हायचं."

मोपेड. कॉलेजात असताना त्यानंच घेऊन दिली होती. पहिल्या दिवशी तो तिच्या मागे वळणापर्यंत पळत गेला होता, चपला हातात घेऊन. आणि संध्याकाळी, ती अभ्यासाला बसली असताना, त्यानं वेग दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर कवळीच्या लाल रंगानं एक बारीक रेघ मारली होती, काचेवर, अगदी सरळ. याच्या पुढे काटा न्यायचा नाही. तिनं मान हलवली होती. वर्षानुवर्षं तो ओळखीच्या लोकांना सांगत आला होता की माझी पोर कशी शिस्तीची, गाडी कधी बिघडली नाही की कधी धडपडली नाही.

"तुम्ही लाल रेघ मारली होती," ती म्हणाली. तिला बोलायला दम लागत होता, जिना चढून आल्यासारखा. "पहिल्या महिन्यात तीन वेळा बंद पडली. मग एका मैत्रिणीनं सांगितलं, सरळ रस्ता मिळाला की मूठ पिळून काढ. मी रोज रेघेच्या पुढे न्यायचे बाबा. रोज. म्हणून ती चालायची."

त्याला राग यायला हवा होता, इतक्या वर्षांनी का होईना, आणि तो आलाही थोडासा, बापाला येतो तसा, आणि तो आलाय हे जाणवल्यावर त्याला आणखीच रडू आलं. इतके दिवस तिच्यावर रागवायची कोणाची छाती झाली नव्हती. "आवाज फार होईल," तो म्हणाला. ती म्हणाली, "होऊ दे ना." आणि मग, चौकटीवरच्या धुळीत बोट फिरवत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सगळे इतके हळू चालता. मला वाटतं घरात मीच एकटी आहे. कधी कधी वाटतं, मी गेलेच आहे आणि तुम्ही दोघं माझ्या मागे असे हळूहळू वावरताय."

ते दोघं तो शब्द टाळत आले होते, आणि तिनं तो सरळ उच्चारला. त्यानं प्लग उचलला, अंगातल्या सदऱ्यालाच पुसला, फुंकला, बसवला. पेट्रोलची टाकी हलवून पाहिली. मग खटका कासवापासून पुढे सरकवला. तो जुना होता, तेवढ्या भागात वर्षानुवर्षं फिरवलाच नव्हता, मधे अडकला. अंगठ्यानं जोर लावला तेव्हा तो कट्कन सशापाशी गेला. दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं आणि असा आवाज झाला की तो स्वतःच मागे हटला. मागून काळ्यानिळ्या धुराचा लोट निघाला, जमलेलं सगळं तेल जळत होतं, खिडकी त्यात दिसेनाशी झाली, आणि त्याच्या मनात आलं की हे काय केलं आपण, तिला कोंडून मारतोय. स्वयंपाकघराच्या दारातून बायको धावत आली, ओले हात पुढे करून. तिचे ओठ हलताना दिसत होते. अहो, बंद करा, अहो, ती, असं काहीतरी. तिनं त्याची बाही धरली. त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. धूर पातळ झाला होता. लेक तिथंच होती, खोकत होती, तोंडासमोर हात हलवत होती, आणि दुसऱ्या हाताची मूठ करून ती पिरगाळून दाखवत होती, अजून, अजून. बायकोनं बाही सोडली. इंजिनाचा आवाज हळूहळू मोकळा झाला, घोगरेपणा गेला, एकसारखा लागला. तो पुढे झाला. गुडघाभर गवत आडवं होत गेलं. हातांना मुंग्या आल्या, दात वाजायला लागले, खडे उडून भिंतीवर आपटले, शेजारच्या गच्चीवर दोन डोकी उगवली. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. खिडकीपाशी आला आणि खटक्याकडे आपोआप गेलेला अंगठा त्यानं काढून घेतला. पूर्ण वेगात तिच्या समोरून गेला. वळून परत गेला.

सगळं कापून झालं तेव्हा त्यानं यंत्र आपल्या हातानं बंद केलं. कानांत अजून तेच वाजत होतं. इतक्या दिवसांनी खिडकी पूर्ण दिसत होती, तिच्या चौकटीचा उडालेला रंगसुद्धा, आणि ऊन आत शिरून समोरच्या भिंतीवर पडलं होतं. तिथं कॉटवर चुरगळलेलं पांघरूण, कडेला सकाळचा न प्यायलेला चहा, न उघडलेलं पुस्तक, हे सगळं एकदम उजेडात आलं. काही बदललं नव्हतं. खोली तीच होती. औषधांचं कपाट कुलपातच राहणार होतं आणि उद्या सकाळी पुन्हा त्या दोन पायऱ्या उतरून तिचं पांघरूण हलतंय का ते त्याला बघायचंच होतं. त्याला ते स्वच्छ कळत होतं. तरी त्यानं प्लग सोडवला, फडक्यावर ठेवला, गुडघ्यांवर बसून खिडकीतून तिच्यापुढे धरला. "गरम आहे," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला.

तिनं तो फडक्यासकट घेतला. उन्हात धरून फिरवून पाहिला, तो दुसऱ्याची कवळी पाहायचा तसा, एक डोळा बारीक करून. टोक चहाच्या रंगाचं झालं होतं, नीट जळणाऱ्या प्लगचं असतं तसं. बाजूची कड मात्र अजून काळी होती. तिनं तिथं नख लावून पाहिलं.

"हा गेला आता," ती म्हणाली. "कड खराब झालीय, पुन्हा धरेल काजळी. उद्या नवा आणा." तिनं कडेवर फुंकर मारली. "दोन आणा. एक जवळ असू दे."

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्या मागे उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. ऐकलं का तिनं? ऐकलं होतं. दोघंही जागचे हलले नाहीत, हललं तर जणू ते परत घेतलं जाईल. "आणतो," तो म्हणाला, "दोन आणतो." लेकीनं प्लग चौकटीवर उभा ठेवला. तिची बोटं काळी झाली होती. तिनं ती पाहिली, आणि काही न सुचून शेजारच्या पांढऱ्या पडद्याला पुसली. चार बोटांचे चार लांब डाग उमटले.

"अगं, पडद्याला काय हात पुसतेस!" बायको ओरडली. चांगली खणखणीत, पूर्वीसारखी. "परवाच धुतलाय मी तो, फडकं नाही का हातात?"

आणि ओरडून ती तशीच थबकली, हात तोंडाकडे नेत. तोही थबकला. इतक्या महिन्यांच्या सवयीनं तिला गप्प करायला त्याचा हात अर्धा वर उठलासुद्धा होता. तो त्यानं तसाच खाली घेतला. खालून खिडकीतून लेक आईकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, लहानपणी बोलणी खाताना बघायची तशी.

"धुवीन मी," ती म्हणाली.